बालपणीचे हाल मोजायला निघालात? या चुका टाळा

माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे ओट्यावरची मुलाखत. बालपणीच्या हालांचा मोठेपणीच्या तब्येतीवर काय परिणाम होतो हे पाहणाऱ्या एका सर्वेक्षणाचे फॉर्म तपासताना दिसलं, की एका वाडीतल्या सगळ्या बायकांच्या नावापुढे मारहाण, बापाची दारू, उपास, सगळीकडे शून्य. मी जाऊन पाहिलं. सासू शेजारी तूर निवडत बसलेली, दारात पोरं, आणि फॉर्म भरणारी आमची ताई खड्या आवाजात विचारतेय, "लहानपणी घरात कुणी मारायचं का?" सासूसमोर कुठली सून माहेरचं काढेल? "नाही हो, सगळं चांगलं होतं."

तेव्हापासून माझ्याकडे दोघी मिळून जातात. एक सासूबाईंना जमीन, जनावरं, घरातलं सामान विचारत बाहेर बसते, दुसरी सुनेला घेऊन आत. दिवसाचे फॉर्म निम्म्यावर येतात. येऊ देत.

"गरिबी होती का?" हा प्रश्नच नको. अख्खं गाव तसंच असेल तर माणूस "बरं चाललेलं" म्हणतो. छप्पर कशाचं होतं, पाणी कुठून आणायचात, शाळा कोणत्या इयत्तेत सुटली, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला घरातलं कोण गेलं, हे विचारा.

आठवणीला नोंद समजू नका. २०१९ च्या एका आढाव्यात, लहानपणी छळ झाल्याची त्याच वेळी नोंद असलेल्यांपैकी ५२ टक्के लोकांनी मोठेपणी तो सांगितलाच नाही.

आता संगणकावरची घाई. बालपणी हाल झाले, म्हणून शाळा सुटली, म्हणून मजुरी, मिश्री, आणि मग हृदयविकार. नवशिके शिक्षण, उत्पन्न, तंबाखू सगळं मॉडेलमध्ये, म्हणजे परिणाम मोजायच्या गणितात, कोंबतात आणि जाहीर करतात, "बालपणाचा परिणाम दिसत नाही!" कसा दिसेल? तो ज्या वाटेनं पोचतो तीच तुम्ही बुजवलीत. आधी कशामुळे काय होतं याचे बाण कागदावर काढा. माझ्याकडे त्या कागदाशिवाय कुणाला डेटा मिळत नाही.

एसीईचा आकडा, म्हणजे बालपणी किती प्रकारचे हाल वाट्याला आले त्याची बेरीज, ही काही पत्रिका नव्हे. १९९८ चा मूळ अभ्यास सॅन दिएगोतल्या आरोग्य विमा असलेल्या लोकांवरचा, आणि तो करणाऱ्यांपैकीच रॉबर्ट अँडा यांनी २०२० मध्ये बजावलं, की हा आकडा एकेका माणसाचा धोका ठरवायला वापरू नका. तरी "तुमचा स्कोअर चार" असं तोंडावर सांगणारे भेटतातच.

आणि असले प्रश्न विचारून लगेच "धन्यवाद" म्हणत उठू नका. चहा घ्या, पिकापाण्याचं बोला. निघताना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चिठ्ठीवर लिहून द्या, पण तोही सासूबाईंच्या देखत नको.