गल्लीत कुणाला मोठा आजार निघाला तर मंडळानं काय करायचं (क्यूआर कोड टाकायच्या आधी)

आमच्याकडं, कर्नाटकातल्या मराठी सीमाभागात, कुणाला कॅन्सर नायतर किडनीचं काय निघालं की तासाभरात ग्रुपवर पेशंटचा फोटो आणि खाली क्यूआर कोड. आम्ही पण पहिल्यांदा तसंच केलं, पैसे जमले, ऑपरेशन झालं, बिल भरलं आणि मग कळलं की त्यांच्याकडं बीपीएल कार्ड होतं, आधी सिव्हिलमधनं रेफरल घेतलं असतं तर तेच ऑपरेशन योजनेत बसत होतं. लोकांचा पैसा गेला तो गेलाच, वर किमोच्या वेळेला परत मागायला तोंड राहिलं नाही. तवापासनं आमचं ठरलंय, कागद आधी, पैसा शेवटी.

तर कागद. कर्नाटकाचं रेशन कार्ड असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजना आहे, २०१८ पासनं. बीपीएल घराला वर्षाला ५ लाखापर्यंत, एपीएलवाल्यांना पॅकेजच्या ३० टक्के, तेही वर्षाला दीड लाखापर्यंतच. इमर्जन्सी सोडली तर आधी सरकारी दवाखान्यात दाखवायचं, तिथं होत नसेल तर ते रेफर करतात, तो कागद हातात घेऊनच खाजगीत जायचं आणि बिलिंगच्या खिडकीवर न जाता आरोग्य मित्र (योजनेचं काम बघणारा माणूस) कुठं बसतात ते विचारायचं. सहकारी सोसायटीचे सभासद असतील तर यशस्विनी आरोग्य योजनेत नाव घातलंय का बघा, पण ती नोंदणी ठराविक दिवसातच चालते, आजार निघाल्यावर पळून उपयोग नाही, म्हणून आमचं मंडळ दरवर्षी नोंदणी सुरू झाली की घरोघरी सांगत फिरतं.

फॉर्म बहुतेक कन्नडमधनं, आणि पेशंटच्या घरात कन्नड वाचणारं कुणी नसतं. त्यामुळं कन्नड लिहिता येणारं एक तरी पोरगं मंडळात पाहिजेच. भाषेचं भांडण मोर्चात असू दे, काउंटरवर नको. आणि नावाचं स्पेलिंग बघा हो, आधारवर एक, रेशन कार्डावर दुसरं, आडनाव मराठीतनं कन्नडात आणि तिथनं इंग्रजीत जाता जाता पार बदलून गेलेलं असतं आणि तेवढ्यावरनं फाइल अडकते. महाराष्ट्र सरकारनं २०२३ ला सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, त्यावरनं कर्नाटकानं हरकत घेतली ते सगळ्यांनी ऐकलंयच. मिरज-कोल्हापूरला जाणार असाल तर आधी त्या हॉस्पिटलला फोन करून योजना चालते का विचारा, तिथं पोचल्यावर नको.

मुंबईला टाटाला जायचं असेल तर नुसते रिपोर्ट नेऊन भागत नाही, बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवलेला तपासणीचा तुकडा) इथल्या लॅबमधनं मागून घ्या. केस पेपर काढताना जनरल की प्रायव्हेट विचारतात, घाबरून प्रायव्हेट म्हणू नका, खर्चात लई फरक पडतो. कॅन्सर पेशंटला उपचारासाठी जाताना रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीचं तिकीट पूर्ण माफ आहे, बरोबरच्या माणसाला ७५ टक्के सूट, फक्त डॉक्टरकडनं ठरलेल्या नमुन्यातलं सर्टिफिकेट पाहिजे. चालुक्य एक्सप्रेस दादरला सोडते, आणि दादरलाच गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे, लहान पोराचा कॅन्सर असेल तर राहायला सेंट ज्यूड संस्थेचं विचारा. जागा लगेच मिळेलच असं नाही, म्हणून पहिल्या फेरीला मंडळातला एक हिंदी बोलणारा माणूस बरोबर द्या, नवराबायको दोघंच गेली की परळच्या फुटपाथवर येतात.

आता घर. खरं सांगू का, लोक इथंच कमी पडतात. नवरा दवाखान्यात, बायको त्याच्याजवळ, मग म्हशीचं दूध कोण काढणार, डेअरीला कोण घालणार, पाऊस लागला की भाताची लावण कोण करणार? "काय लागलं तर सांगा" असं म्हणून निघून येऊ नका, कोण सांगतंय! आपणच म्हणायचं, वहिनी, सोमवार ते बुधवार डबा आमच्याकडनं, पोरांना शाळेत मी सोडतो. आणि विचारायचं ते वहिनीलाच, दादा तर "सगळं बरं आहे" म्हणून मोकळा होतो.

रक्ताचं पण असंच. एकाच दिवशी वीस पोरं ट्रॅक्स भरून आणू नका. प्लेटलेट ५ दिवसांवर टिकत नाहीत, आणि एकदा रक्त दिलेल्या पुरुषाला ३ महिने, बाईला ४ महिने परत देता येत नाही. यादी करून चार-चारच्या टोळ्या पाडा, ब्लड बँकेतनं फोन येईल तशी एक टोळी जाऊ दे.

एवढं झाल्यावर जो खर्च उरतो, औषधं, गाडीभाडं, जेवण, घरभाडं, तेवढ्यालाच पैसे गोळा करा. कुणाच्या खाजगी गूगल पेवर नको, मंडळाचं खातं आणि दोघांच्या सह्या. शक्यतो मेडिकलचं बिल थेट भरा. वही देवळात ठेवा, कुणी पण उघडून बघू दे, पण आत पेशंटचं नाव नको, नुसता नंबर. फोटो तर टाकूच नका, पोरीचं लग्न ठरायचं असतंय, सोयऱ्यांचं तोंड कोण धरणार? दरवर्षीच करणार असाल तर संस्था रजिस्टर करा, ८०जी (देणगीवरच्या टॅक्स-सुटीची नोंदणी) काढली की जुन्या पद्धतीनं टॅक्स भरणाऱ्या देणगीदाराला सूट मिळते, पण २००० च्या वर रोख दिलं तर मिळत नाही, चेक घ्या.

आणि माणूस गेला तर बाराव्यानंतर आठवडाभरानं परत जावा. उरलेल्या पैशाचा हिशेब घरच्यांसमोर वाचायचा, दवाखान्यातनं राहिलेले कागद आणून द्यायचे, मृत्यूचा दाखला काढायचा आणि वहिनीला बरोबर घेऊन विधवा पेन्शनचा अर्ज द्यायला नाडकचेरीत (तहसीलच्या खालच्या सरकारी ऑफिसात) जायचं. ते कन्नडवालं पोरगं तेव्हा पण लागतंय.