ब्रूगेलचं खेडं बघताना या चुका टाळा

सोळाव्या शतकातला फ्लेमिश चित्रकार पीटर ब्रूगेल याच्या चित्रांतली खेडी पहिल्या नजरेत फार गोड दिसतात. बर्फ, धुराडी, गोठलेल्या तळ्यावर घसरणारी पोरं. पुष्कळ जण तिथूनच मागे फिरतात.

‘बर्फातले शिकारी’ (१५६५) घ्या. हे चित्र मोबाइलवर उरकणं ही पहिली चूक. व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयातली मूळ लाकडी फळी ११७ बाय १६२ सेंटिमीटरची आहे. मोठ्या पडद्यावर चित्र उघडा आणि डावीकडून हळूहळू सरका. तीन शिकारी, मागोमाग माना खाली घालून चाललेली कुत्री, आणि एवढ्या लवाजम्याची कमाई काय? खांद्यावरच्या काठीला लटकलेला एक मरतुकडा कोल्हा! खाणावळीची पाटी एकाच आकड्यावर लोंबकळतेय. उजवीकडे खाली पाणचक्कीचं चाक गोठलंय, म्हणजे दळण बंद. लांब एका घराचं धुराडं पेटलंय. आता तळ्यावरचे खेळ पुन्हा बघा, तेवढे गोड वाटतात का?

‘हे गाव नेमकं कुठलं?’ हे शोधण्यात वेळ घालवू नका. ब्रूगेलचं फ्लँडर्स (आजच्या बेल्जियममधलं) म्हणजे सपाट मुलूख, तिथे असले सुळके कुठले? ब्रूगेल १५५०च्या दशकात इटलीला जाऊन आला, आल्प्स त्या वाटेवरचे. गाव इथलं, डोंगर तिथले.

‘शेतकरी ब्रूगेल’ या टोपणनावालाही फसू नका. माणूस अँटवर्प आणि ब्रुसेल्समध्ये राहिलेला, पक्का शहरी. ‘बर्फातले शिकारी’ ज्या मालिकेतलं, ती ऋतुचित्रं निकलास योंगेलिंक या अँटवर्पच्या धनिक व्यापाऱ्यासाठी काढलेली. खेड्यातला गारठा शेठजींच्या भिंतीवर!

बाप-लेकांची गल्लत तर नेहमीचीच. दोघंही पीटर. बापाने १५५९च्या सुमारास सहीतला (Brueghel) ‘एच’ गाळला, मुलांनी तो परत लावला. धाकट्या पीटरने बापाच्या चित्रांच्या भरमसाट नकला केल्या, त्यामुळे तारीख बघायची सवय ठेवा: थोरला १५६९ मध्येच वारला. आणि हेंड्रिक आव्हरकाम्प या दुसऱ्याच चित्रकाराची बर्फावरची गर्दी ब्रूगेलची समजू नका; ती डच आहे, फ्लेमिश नव्हे.

थोरल्या ब्रूगेलचं ‘शेतकऱ्यांचं लग्न’ हे चित्र बघताना सगळे नवरदेव शोधत बसतात. तो कोण, यावर अभ्यासकांचंही एकमत नाही. त्यापेक्षा पुढे बघा. खिरीसारख्या पेजेच्या थाळ्या दोघे जण वाहून आणतायत, त्या चक्क बिजागरीवरून काढलेल्या दारावर. आणि खाली जमिनीवर, डोळ्यांवर टोपी ओढलेलं एक पोर बोटाने ताटली चाटून पुसतंय.