पोकर टूर्नामेंट: टक्केवारी पाठ, हिशोब कच्चा, या चुका टाळा

टूर्नामेंटमधून बाहेर पडलेला खेळाडू बहुतेक वेळा नशिबाला दोष देतो. त्याचे शेवटचे दोन-तीन डाव पुन्हा मांडून पाहा. शक्यतांचे आकडे त्याला ठाऊक असतात. ते कशाशी ताडून पाहायचे, तिथे घोळ होतो.

सगळ्यात जास्त घोळ चार-दोनच्या नियमाचा. फ्लॉपवर (टेबलावर पहिले तीन सामाईक पत्ते उघडल्यावर) आउट्स (तुमचा हात पूर्ण करणारे उरलेले पत्ते) गुणिले चार, टर्नवर (चौथा पत्ता उघडल्यावर) गुणिले दोन, की हात लागण्याची अंदाजे टक्केवारी मिळते. फ्लश ड्रॉचे (एकाच चिन्हाचे चार पत्ते आलेत, पाचवा हवा) नऊ आउट्स, म्हणजे 36 टक्के (नेमके 35). पण हा आकडा टर्न आणि रिव्हर (पाचवा, शेवटचा पत्ता) दोन्ही पत्ते नक्की बघायला मिळणार असतील तरच खरा, म्हणजे ऑल-इन (सगळ्या चिप्स पणाला) झालं असेल तर. समोरचा टर्नवर पुन्हा बेट लावणार असेल, तर आत्ता तुम्ही एकाच पत्त्याची किंमत मोजताय आणि तिथे शक्यता 19 टक्के. पॉटमध्ये (मधल्या ढिगात) 600 चिप्स आहेत, त्याने 300 लावले. तुमचे 300 पडले की पॉट 1200, म्हणजे कॉलला (तेवढ्याच चिप्स लावून डावात राहायला) किमान 25 टक्के हवेत. 36 धरलेत तर कॉल, 19 धरलेत तर फोल्ड (पत्ते टाकून डाव सोडणे). फ्लश लागल्यावर पुढे भरपूर चिप्स वसूल होणार असतील तर गोष्ट वेगळी, पण टूर्नामेंटच्या उत्तरार्धात तेवढे स्टॅक (खेळाडूंकडच्या चिप्स) मागे उरलेलेच नसतात.

आउट्सही डोळे झाकून मोजू नका. हातात काळे 9 आणि 8, फ्लॉपवर बदाम 10, बदाम गुलाम, चौकट 2. स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते) पूर्ण करणारे चार सत्ते, चार राण्या, आठ आउट्स. समोरच्याकडे दोन बदाम असतील तर बदाम सत्ता आणि बदाम राणी त्याचाच फ्लश पूर्ण करतात. उरले सहा.

"इतक्या वेळा हुकलं, आता लागणारच" हा विचार सोडून द्या. हातातल्या जोडीला फ्लॉपवर तिसरा पत्ता मिळण्याची शक्यता दर वेळी सुमारे 12 टक्केच, आधी दहा वेळा हुकलं असलं तरी.

आता बबल, म्हणजे अजून एक जण बाहेर पडला की उरलेल्या सगळ्यांना बक्षीस, असा टप्पा. खरं नुकसान इथे होतं. चार खेळाडू, सगळ्यांच्या चिप्स सारख्या, बक्षिसं तीनच: 50, 30 आणि 20 टक्के. प्रत्येकाचा वाटा आत्ता 25. एकाने ऑल-इन केलं, तुम्ही कॉल करून जिंकलात. चिप्स दुप्पट झाल्या, पण आयसीएमने (चिप्सचं बक्षिसाच्या हिशोबात मोल काढणारं गणित) काढलेला वाटा 50 होत नाही, 38.3 होतो. हरलात तर शून्य. 25 भागिले 38.3, म्हणजे कॉलसाठी सुमारे 65 टक्के हवेत. ब्लाइंड्समुळे (पत्ते बघण्याआधीच लावाव्या लागणाऱ्या सक्तीच्या चिप्स) थोडे कमी. हातात दोन राण्या आहेत आणि समोर एक्का-राजा आहे हे पत्ते उघडे ठेवून दाखवलं, तरी तुम्ही 57 टक्क्यांच्या आसपासच आहात. फोल्ड करा. हातात धरलेल्या राण्या टाकताना जीव तुटतो, मान्य आहे, तरीही टाका.

आणि याच आकड्याची दुसरी बाजू बहुतेक जण वापरतच नाहीत. तुमच्या आधी कुणीच पॉटमध्ये आलं नसेल, तर त्याच बबलवर त्याच राण्या घेऊन मी स्वतः ऑल-इन करेन. 65 टक्क्यांचा प्रश्न आता तुमच्यानंतर खेळणाऱ्यांनी सोडवायचा आहे.