डोंगरातील सीताफळाचा मातृवृक्ष निवडण्यापूर्वी करावयाच्या नोंदी

बीड जिल्ह्यात धारूर-अंबाजोगाईच्या परिसरातील बालाघाटच्या मुरमाड उतारांवर सीताफळाची असंख्य झाडे बियांपासून आपोआप उगवलेली असल्यामुळे शेजारशेजारच्या दोन झाडांच्या फळांतही आकार, गर आणि गोडी यांचा मोठा फरक आढळतो. या फरकापैकी किती भाग कोरड्या हवेचा व उथळ जमिनीचा आणि किती झाडाच्या आनुवंशिक गुणांचा, हे तपासल्याशिवाय कलमासाठी मातृवृक्ष, म्हणजे ज्याच्या काड्या कलमाला घ्यायच्या ते झाड, ठरवू नये.

प्रथम माथा, उतार आणि ओढ्याकाठ अशा तिन्ही ठिकाणची झाडे घ्यावीत, त्यांना क्रमांक द्यावेत आणि प्रत्येकाजवळ मातीची खोली मोजावी. उन्हाळ्यात पानगळ केव्हा पूर्ण झाली, पावसानंतर पालवी व फुले केव्हा आली, याच्या तारखा लिहाव्यात. पानांची तुलना करताना उन्हाच्या बाजूची, पूर्ण वाढलेली पानेच घ्यावीत, कारण सावलीतील पान मुळातच रुंद आणि पातळ असते. आलेख कागदावर क्षेत्रफळ काढून पान वाळवून तोलले, की दर चौरस सेंटिमीटरला किती वजन पडते ते कळते. पाण्याचा ताण सोसणाऱ्या झाडांत हा आकडा सहसा जास्त येतो.

फळाच्या नोंदीत सर्वाधिक फसगत बियांच्या संख्येमुळे होते. सीताफळ हे एकाच फुलातील अनेक स्त्रीकेसरांपासून बनलेले फळ आहे. जिथे फलन होते तिथे बी धरते आणि तिच्याभोवती गर भरतो. फुलातील स्त्रीकेसर आधी पक्व होतात आणि परागकण नंतर सुटतात, त्यामुळे परागीभवन प्रामुख्याने बारीक भुंगेऱ्यांवर अवलंबून असते; हवा फार कोरडी असल्यास स्त्रीकेसराची टोके लवकर सुकतात आणि फळ एका बाजूने चपटे राहते. म्हणून वेड्यावाकड्या फळातील कमी बिया पाहून ‘कमी बियांचे झाड’ असा शेरा मारणे चुकीचे आहे. डोळे उघडलेली (सालीवरील खवल्यांमधल्या खाचा रुंदावलेली), चांगल्या आकाराची फळे काढून ती पिकल्यावर एकूण वजन, गराचे वजन, बिया आणि रिफ्रॅक्टोमीटर या रसाची गोडी मोजणाऱ्या उपकरणावरील ब्रिक्स, म्हणजे गोडीचा आकडा, नोंदवावे. पाणी कमी पडलेले लहान फळ अधिक गोड लागू शकते, त्यामुळे ब्रिक्सचा आकडा फळाच्या वजनाशेजारीच लिहावा. किमान एक चांगल्या पावसाचे आणि एक अवर्षणाचे वर्ष नोंदीत यायला हवे.

तरीही खरी कसोटी कलमांचीच आहे. निवडलेल्या प्रत्येक झाडाच्या काड्या एकाच प्रकारच्या खुंटावर, म्हणजे कलमाखालच्या मुळाच्या रोपावर, बांधून ती कलमे एकाच शेतात सरमिसळ लावावीत. तेथेही जो फरक टिकतो तो झाडाचा स्वतःचा मानावा. जागा असेल तर अर्ध्या ओळींना ठिबकने पाणी द्यावे व अर्ध्या पावसावर सोडाव्यात. ओलिताखाली सर्वांत सरस ठरणारा वाण कोरडवाहूत मागे पडू शकतो, म्हणून डोंगरउतारावर लागवड करणाऱ्याने पावसावर सोडलेल्या ओळींचाच निकाल प्रमाण धरावा.