किंग्ज डे पाहायला येताय? या चुका टाळा

किंग्ज डे, म्हणजे नेदरलँड्सच्या राजाच्या वाढदिवसाचा सण, २७ एप्रिलला असतो, ३० एप्रिलला नव्हे. राणीच्या काळात तो ३० तारखेला होत असे. विलेम-अलेक्झांडर राजे झाल्यानंतर, २०१४ पासून, त्यांचा वाढदिवस धरला जातो आणि तो रविवारी आल्यास, २०२५ प्रमाणे, आदल्या शनिवारीच सण उरकतो. तिकीट काढण्यापूर्वी एवढे तरी पाहावे.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे त्याच दिवशी सामानासह ॲम्स्टरडॅममध्ये उतरणे. पुण्याहून येणाऱ्या माझ्या आतेभावाला मी बजावले होते, "दादा, आदल्या दिवशी या." हॉटेलचे एका रात्रीचे भाडे वाचवण्यासाठी तो आणि वहिनी सणाच्याच दुपारी सेंट्रल स्थानकावर उतरले. शहराच्या मध्यभागातल्या ट्राम बंद, टॅक्सी आत येईना, आणि लाइडसेप्लाइन चौकाजवळच्या हॉटेलापर्यंत नारिंगी कपड्यांतली गर्दी खांद्याला खांदा लावून उभी. एका अरुंद पुलावर बॅगेचे चाक विटांच्या फटीत अडकून निखळले, तेव्हा मागच्या लोकांनीच ती उचलून पलीकडे नेली. अर्ध्या तासाच्या वाटेत त्यांची सारी दुपार गेली. मी पाहुण्यांना २५ तारखेलाच बोलावतो आणि सणाच्या दिवशी पाठीवरच्या लहान पिशवीखेरीज काहीही घेऊ देत नाही.

दुसरी चूक मला अधिक खटकते. या दिवशी कोणालाही परवान्याशिवाय रस्त्यावर जुन्या वस्तू विकता येतात आणि व्होंडेलपार्कमधला बाजार मुलांचा असतो. चादरीवर मांडलेल्या लाकडी आगगाडीचा एक युरो मागणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीशी घासाघीस करू नये, आणि विचारल्याशिवाय तिचा फोटो तर मुळीच काढू नये. मोठ्यांशी भाव करायला हरकत नाही. मात्र दुपारी उठून आलेल्यांना तिथे उरलासुरला मालच दिसतो. सकाळी लवकर जावे, शांतपणे बसावे, व्हायोलिन वाजवणाऱ्या मुलाचे पूर्ण ऐकून मगच नाणे टाकावे. धावतपळत दहा ठिकाणे गाठणाऱ्यांना हा सण कळत नाही. उत्रेख्त शहरातला बाजार तर आदल्या संध्याकाळीच सुरू होतो. तिथे एक रात्र काढणे मला ॲम्स्टरडॅमच्या गोंगाटापेक्षा कितीतरी मोलाचे वाटते.

सुटी नाणी जवळ ठेवावीत. रेल्वेत त्या दिवशी मद्यपानास बंदी असते. उघड्यावर लघवी केल्यास दंड होतो. नारिंगी रंग ओरान्ये-नासाऊ राजघराण्याचा आहे, म्हणून साधा नारिंगी दुपट्टाही पुरतो. नारिंगी आयसिंगचे टोम्पूस ही क्रीमची पेस्ट्री मात्र आदल्या दिवशीच बेकरीत सांगून ठेवावी.