लेमन मरँग पाय नेमका कुठे बिघडतो? या चुका टाळा

लेमन मरँग पाय म्हणजे मैद्याच्या खुसखुशीत तळावर (पेस्ट्रीवर) लिंबाचे घट्ट सारण आणि त्यावर साखर घालून फेटलेल्या पांढऱ्या बलकाचा थर, म्हणजेच मरँग. त्याचा पहिला तुकडा उचलताच सारण ताटलीभर वाहू लागले, तर बहुतेक जण दोष आपल्या हाताला देतात. माझे मत मात्र असे आहे की हा पदार्थ पुष्कळदा पातेले आचेवर चढण्याआधीच, म्हणजे पाककृती वाचतानाच बिघडलेला असतो. एकाच घटकाला दोन देशांत दोन नावे असतात, हे थोड्या शोधाने कळते. परंतु एकच नाव दोन देशांत दोन निराळ्या पदार्थांना दिलेले असते, तेव्हा आपण फसलो आहोत याची शंकासुद्धा येत नाही.

कॉर्नफ्लोर: सर्वांत महाग पडणारा गैरसमज

ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि भारत या देशांत ‘कॉर्नफ्लोर’ म्हणजे मक्याच्या दाण्यातून वेगळा काढलेला स्टार्च, म्हणजेच चिमटीत दाबल्यावर करकरणारी पांढरीशुभ्र भुकटी. याच वस्तूला अमेरिकेत ‘कॉर्नस्टार्च’ म्हणतात. अमेरिकी ‘कॉर्न फ्लोर’ हे मात्र मक्याचे बारीक दळलेले, बहुधा पिवळसर पीठ असते. त्यात स्टार्चबरोबर प्रथिने आणि स्निग्धांशही असल्यामुळे ते तेवढ्याच प्रमाणात घेतले तर सारण पुरेसे घट्ट होत नाही, त्याला पारदर्शक चमक येत नाही आणि जिभेला ते किंचित रवाळ लागते. ऑस्ट्रेलियात तर गव्हाच्या स्टार्चपासून केलेली भुकटीदेखील कॉर्नफ्लोर या नावाने विकली जाते. म्हणून ग्लूटेन वर्ज्य असणाऱ्यांसाठी पाय करताना पुढच्या नावावर विसंबू नये, पाकिटामागची घटकांची यादी वाचावी.

‘लिंबू’ या शब्दाचेही तसेच आहे. मराठीत आपण लेमन आणि लाइम या दोन्ही फळांना लिंबूच म्हणतो. मेक्सिकोत ‘लिमोन’ म्हटले की सहसा छोटे हिरवे लाइम पुढे येते, तर स्पेनमध्ये त्याच शब्दाने मोठे पिवळे लेमन. पाककृतीतील ‘चार लेमन’ म्हणजे चार छोटी, पातळ सालीची लिंबे असे समजून चालल्यास रस फारच कमी पडतो. फळांची संख्या न मोजता रस मिलिलिटरमध्ये मोजावा. लाइमच्या रसानेही पाय उत्तम होतो, फक्त चव निराळी येते आणि साल पातळ असल्याने किसताना खालचा कडू पांढरा थर चटकन येतो, तेवढे जपावे.

साखर आणि मैद्याचे प्रकरण त्यामानाने सोपे आहे. ब्रिटनमधील ‘कास्टर शुगर’ हीच अमेरिकेतील ‘सुपरफाइन शुगर’. ती नसेल तर साधी साखर मिक्सरमध्ये काही सेकंद फिरवून बारीक करावी. ‘आयसिंग शुगर’ किंवा ‘कन्फेक्शनर्स शुगर’ तिच्या जागी घेऊ नये, कारण तीत बहुधा स्टार्च मिसळलेला असतो. ‘प्लेन’ आणि ‘ऑल-पर्पज’ पिठाच्या जागी तळाच्या पेस्ट्रीसाठी मैदा चालतो. ‘सेल्फ-रेझिंग’ पिठात बेकिंग पावडर असल्यामुळे पेस्ट्री फुगून तिचा आकार मोडतो.

मापांत मात्र पुन्हा सावध व्हावे लागते. अमेरिकी कप सुमारे २३७ मिलिलिटरचा असतो, ऑस्ट्रेलियन २५० मिलिलिटरचा. कपांतील हा फरक एक वेळ खपून जातो. टेबलस्पूनचा खपत नाही. ऑस्ट्रेलियात तो २० मिलिलिटरचा आणि इतर बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटरचा असतो, त्यामुळे अमेरिकी पाककृतीतील पाच टेबलस्पून स्टार्च ऑस्ट्रेलियन चमच्याने मोजला तर तो एक तृतीयांशाने जास्त पडतो आणि सारण रबरासारखे होते. अमेरिकेतील ‘लार्ज’ अंडे कवचासह सरासरी ५७ ग्रॅमचे, तर ब्रिटन आणि युरोपीय संघातील ‘लार्ज’ ६३ ते ७३ ग्रॅमचे असते. पाककृती कोणत्या देशातली आहे हे आधी पाहावे आणि ग्रॅममध्ये दिलेली पाककृती मिळाली तर तीच निवडावी, असा माझा आग्रह आहे.

घट्ट झालेले सारण पुन्हा पातळ का होते?

ही तक्रार मी स्वतः अनुभवलेली आहे: रात्री सुरेख आळलेले सारण सकाळी पाण्यासारखे झाले होते. अंड्याच्या पिवळ्या बलकात अमायलेज नावाचे विकर (एन्झाइम) असते आणि ते स्टार्चचे रेणू तोडते. बलक फुटेल, म्हणजे त्याच्या गुठळ्या होतील, या भीतीने आपण तो घातल्याबरोबर आच बंद करतो, विकर जिवंत राहते आणि थंड होत असलेल्या सारणाला आतून पोखरते. स्टार्चच्या संरक्षणामुळे बलक सहजी फुटत नाही. म्हणून गरम मिश्रणाचे थोडे चमचे आधी बलकात घालून, मग ते सारे पातेल्यात परत ओतून, सारणाला बुडबुडे येऊ लागल्यावर एक ते दोन मिनिटे ढवळत शिजवावे. लिंबाचा रस त्यानंतर, आचेवरून उतरवून घालावा, कारण आम्लासह फार वेळ उकळल्यानेही स्टार्चची पकड सैल होते. पातेले उघड्या अॅल्युमिनियमचे नसावे. आंबट सारणाला धातूची चव येते.

मरँगला पाणी सुटणे

मरँगच्या खाली पाणी साचले तर ते खालून कच्चे राहिलेले असते, आणि वर सोनेरी थेंब जमले तर ते जास्त भाजले गेलेले असते. दोन्ही दोष एकाच पायमध्ये दिसू शकतात, कारण ओव्हनची उष्णता वरूनच लागते. त्यावर उपाय म्हणजे सारण कढत असतानाच मरँग पसरणे, म्हणजे खालची बाजू सारणाच्या उष्णतेने शिजते. याचसाठी पांढरा बलक फेटण्याची तयारी सारणाआधी करून ठेवावी. मरँग पेस्ट्रीच्या कडेला सर्व बाजूंनी चिकटवावे, नाहीतर ते आक्रसून मध्ये गोळा होते. भांड्याला तुपाचा किंवा पिवळ्या बलकाचा अंश राहिला तर पांढरे फुलत नाही. प्लास्टिकचे भांडे स्निग्धता धरून ठेवते, म्हणून काचेचे किंवा स्टीलचे घ्यावे.

ओव्हनचे ३५० अंश फॅरनहाइट म्हणजे सुमारे १७७ अंश सेल्सिअस. पंख्याचा ओव्हन असल्यास साधारण २० अंश सेल्सिअस कमी ठेवावे. पाय खोलीच्या तापमानाला आला की फ्रिजमध्ये ठेवावा, तीन-चार तासांनीच कापावा आणि प्रत्येक कापापूर्वी सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्यावी, म्हणजे मरँग पात्याला चिकटून फाटत नाही.