जास्त पॉवरची गाडी आहे? मग लिमिटर लावूनच निघा

टर्बो इंजिनच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या गाडीत आवाज फारसा येत नाही, हादरे फारसे बसत नाहीत, त्यामुळे पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर काटा १३० ला कधी गेला कळतच नाही, लिमिट सपाटीला १०० आहे. मनाला कितीही बजावलं तरी पाय ऐकत नाही, म्हणून हे काम गाडीवरच सोपवा.

१. स्टिअरिंगवर स्पीड लिमिटरचं बटण आहे का बघा. हे क्रूझ कंट्रोल नाही (त्यात गाडी स्वतःच एक स्पीड धरून चालते), यात ॲक्सिलरेटर तुमच्याच पायाखाली असतो, फक्त ठरवलेल्या स्पीडच्या वर गाडी जात नाही.

२. टोल नाका सोडला की लगेच १०० ला सेट करा, नंतर करू म्हटलं की राहतंच.

३. लिमिटर नसेल तर स्क्रीनच्या सेटिंगमध्ये ओव्हरस्पीड अलर्ट बहुतेक असतो, तो ९५ ला ठेवा. कंपनीची ८० ची बीप इतकी सवयीची होते की कान ती ऐकेनासेच होतात.

आणि खरंच सांगतो, ९४ किलोमीटरला १०० ने ५६ मिनिटं लागतात, १२० ने ४७. फक्त नऊ मिनिटं!

घाट उतरताना मात्र लिमिटरच्या भरवशावर राहू नका, बऱ्याच गाड्यांत तो ब्रेक लावत नाही, तिथे खालचा गिअर टाका.